हाँगकाँगहून आणलेली जाळी

आम्ही हाँगकाँगला गेलो ते एका कावळ्यामुळे. लोक विचारतात, हाँगकाँगच का, दुबई का नाही, सिंगापूर का नाही. मी सांगते, कावळ्याला विचारा.

मुलुंडची आमची जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर झाला. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही परत आलो. घर मोठं झालं, लिफ्ट आली, आणि आमच्या डोक्यावर दहा-बारा मजले नव्या माणसांचे आले. गच्ची मात्र सगळ्यांची. तिथे थंडी सुरू झाली की ज्याला जे वाळवायचं ते वाळवावं. कुणाचे पापड, कुणाच्या मिरच्या, कुणाच्या गाद्या. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, गच्चीच्या एका कोपऱ्यात जुनं लुगडं अंथरून त्यावर बोंबील पसरायच्या आणि बाजूला स्टूल टाकून, हातात काठी घेऊन बसायच्या. कुणाच्या वाटेत नाही, कुणाच्या अध्यात नाही.

एक दिवस त्या पाणी प्यायला खाली आल्या. तेवढ्यात कावळ्याने एक बोंबील उचलला. उचलला तो गपचूप गिळायचा की नाही! पण मेल्याने तो नेमका सेक्रेटरींच्या बाल्कनीत, त्यांच्या बायकोने पूजेला काढून ठेवलेल्या फुलांच्या परडीत टाकला.

मीटिंग झाली. एका बोंबलासाठी सोसायटीची मीटिंग! लिफ्ट महिनाभर बंद होती तेव्हा एवढी माणसं जमली नव्हती. ठरलं असं की गच्चीवर यापुढे मासळी वाळवायची नाही. पापड चालतील, मिरच्या चालतील, गाद्या चालतील. शिवाय सेक्रेटरींच्या बायकोने गोड आवाजात सुचवलं की मासे तळताना खिडक्या लावून घेतल्या तर बरं, लहान मुलांना त्रास होतो. ही बाई आमच्यासारखीच मराठी. तिच्या माहेरी कोकणात काय शिजतं ते मला विचारा. पण टॉवरमध्ये आलं की माणूस नाकाने कांदे सोलायला शिकतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या नवऱ्याने मान हलवली. ‘‘हो, हो, नक्की. पुन्हा होणार नाही,’’ म्हणाला. आईंच्या वतीने, माझ्या वतीने, आणि अजून न वाळलेल्या सगळ्या बोंबलांच्या वतीने त्याने कबूल करून टाकलं.

घरी आल्यावर आईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेल्या, लुगडं झटकलं, घडी घालून आणलं आणि कपाटात ठेवलं. काठीही दाराआडून काढून माळ्यावर टाकली. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, ‘‘मी शिमग्याक गावाक जातलंय, ती थंयच रवतलंय.’’

शिमग्याला गावी जायच्या आणि तिथेच राहायच्या. मालवणजवळ आमचं घर आहे, धाकटे दीर असतात. म्हटलं तर काही अडचण नाही. पण मी अंधेरीला नोकरी करते. माझी मुलगी आईंच्या मांडीवर वाढली. मी खारदांड्याची, समुद्राच्या तोंडावरच्या कोळीवाड्यातली, आणि आमचं लग्न त्या काळी दोन्हीकडच्यांनी डोक्याला हात लावून स्वीकारलेलं. तेव्हा या बाईने मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, तुमच्याकडे बोंबलाच्या कालवणात खोबरं घालतात की नाही? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग तुमका येणा नाय. तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते आजतागायत. आणि त्या भांडणाशिवाय मला घर म्हणजे काय ते आता माहीत नाही. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. अगदी हट्टाने वाटत होतं.

नवऱ्यालाही वाटत होतंच. पण त्याची तऱ्हा वेगळी. त्याने वाद टाळून उपाय काढला. एका संध्याकाळी जाहीर केलं की नाताळच्या सुट्टीत आपण चौघं हाँगकाँगला जायचं, आईला विमानात बसवायचं, परदेश दाखवायचा. मला असा संताप आला! आधी माणसाच्या ताटातला मासा काढून घ्यायचा आणि मग त्याला विमानाची खिडकी द्यायची. मी म्हटलं, ‘‘तुझ्या आईला परदेश नकोय, गच्चीचा कोपरा हवाय.’’ तो म्हणाला, ‘‘तू ना, प्रत्येक गोष्टीत भांडण काढतेस.’’

आई मात्र तयार झाल्या. म्हणाल्या, जाताना जग बघून जाते. त्यांच्या त्या ‘जाताना’ने माझा उरलासुरला उत्साहही गेला.

निघायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींची बायको डबाभर चकल्या घेऊन आली. मनाने वाईट नाही हो ती. त्याचाच तर राग येतो, वाईट असती तर सोपं झालं असतं. म्हणाली, ‘‘तिकडे जेवणाचे फार हाल. जिकडे तिकडे वास. आम्ही गेलो होतो तेव्हा मी आठवडाभर नाकाला रुमाल लावून फिरले.’’ आईंनी डबा घेतला, मी तिला हळदीकुंकू लावलं, आणि दार लागल्यावर आई मला म्हणाल्या, ‘‘मगे आपणाक आवडात.’’

नवऱ्याने हाँगकाँगचा कार्यक्रम ऑफिसच्या प्रेझेंटेशनसारखा आखला होता. सकाळी डोंगर, दुपारी मेणाचे पुतळे, संध्याकाळी बाजार. हॉटेलची खोली एवढी लहान की चौघांनी एका वेळी उभं राहायचं असेल तर बॅगा पलंगावर ठेवायच्या. मुलगी कॉलेजात आहे, तिच्या हातात फोन आणि फोनमध्ये नकाशा, त्यामुळे ती पुढे आणि आम्ही मागे.

पहिल्या दिवशी त्याने आम्हाला जेवायला नेलं ते शुद्ध शाकाहारी भारतीय हॉटेलात. आईला परकं अन्न बाधेल म्हणून. पनीरची भाजी आली, तंदुरी रोटी आली. आईंनी ताटाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं.

‘‘झिला, इमानात बसान पनीर खावक इलंय काय मी?’’

‘‘आये, तसा न्हय. तुझ्या पोटाचा बघूक नको?’’

‘‘माझ्या पोटाक काय झालाहा? पोट सत्तर वर्सा मासे खाता.’’

मुलगी एवढी हसली की तिला ठसका लागला. मी हसले नाही. मी पनीर खात होते आणि मनात मोजत होते की शिमग्याला किती आठवडे राहिले.

डोंगरावर चढणारी ती तिरकी गाडी आईंना आवडली. वर गेल्यावर खाली सगळं शहर दिसतं. इमारतींचं नुसतं रान, एकीला एक खेटून, आणि पलीकडे पाणी. सगळे कठड्याला टेकून फोटो काढत होते. आई बराच वेळ खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हंय इतकी माणसा रवतत, ती कपडे खंय सुकयतत गो?’’

एवढ्या मोठ्या देखाव्यात हा प्रश्न फक्त त्यांनाच पडला. मुलीने फोनवर फोटो मोठा करून दाखवला. खिडकीखिडकीतून काठ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांवर कपडे. चाळिसाव्या मजल्यावरसुद्धा. आईंनी मान डोलावली. ‘‘मगे बरां,’’ म्हणाल्या. शहराला पास केलं त्यांनी.

मेणाच्या पुतळ्यांत त्यांना काही रस नव्हता. रात्रीच्या बाजारात नवरा आणि मुलगी घासाघीस करत हिंडली. फ्रिजला लावायची चुंबकं, खोट्या ब्रँडच्या पर्स, दिवे लागणाऱ्या चपला. नवरा दर दुकानात आईंना विचारायचा, शाल घेतेस? घड्याळ घेतेस? पर्स? आणि दर वेळी उत्तर एकच, ‘‘माका काय्येक नको.’’ तिसऱ्या दिवसापर्यंत हे त्याच्या जिव्हारी लागायला लागलं होतं. रात्री तो मला हळूच म्हणाला, ‘‘ती मुद्दाम करते. मला शिक्षा.’’ मी म्हटलं, ‘‘मुद्दाम नाही करत. त्यांना खरंच तुझ्याकडून काही नकोय. ते जास्त वाईट.’’ तो कूस बदलून झोपला.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या बोटीचं बुकिंग होतं. बोटीत बसायचं, दोन्ही काठांवरचे दिवे बघायचे, बोटीतच जेवायचं. वेळ होता म्हणून मुलीने ट्रामने फिरू म्हटलं. ही ट्राम दुमजली, अरुंद, जुनी, घंटा वाजवत सावकाश जाणारी. आम्ही वरच्या मजल्यावर उघड्या खिडकीशी बसलो. आई माझ्या शेजारी.

ट्राम एका वळणावरून आत शिरली आणि तो वास आला.

मी चमकून आईंकडे पाहिलं. त्या आधीच माझ्याकडे बघत होत्या. ‘‘गो, वास इलो काय तुका?’’

मला नाही येणार तर कुणाला? मी खारदांड्यात जन्मले. आमच्या दारासमोर बांबूच्या वलांडीवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेल्या असायच्या, आणि मी त्यांच्या सावलीत अभ्यास करायची. उन्हात तापलेली सुकी मासळी मी झोपेतही ओळखेन. मी उठले, आईंचा हात धरला आणि जिना उतरायला लागले. नवरा मागून ओरडत होता, ‘‘अगं इथे नाही उतरायचं! बोट!’’

तो सगळा रस्ताच सुक्या मासळीचा होता. एका दुकानाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं, ट्रामच्या दोन्ही अंगांना. आणि दुकानं कशी, तर लखलखीत. पांढरे दिवे, काचेच्या उंच बरण्या, त्यांत रंगानुसार लावलेले सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. गुलाबी, केशरी, लाल. शिंपल्यांतलं मांस वाळवून वजनावर विकायला ठेवलेलं. मोठाले खारवलेले मासे डोक्याला कागद गुंडाळून दोरीने टांगलेले. चांगले कपडे घातलेली माणसं येत होती, बोटाने दाखवत होती, दुकानदार तराजूत तोलून खोक्यात भरून रिबीन लावून देत होता. सुक्या मासळीला रिबीन! आमच्याकडे ती वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी अशी घरात येते आणि लिफ्टमध्ये आपण छताकडे बघत उभे राहतो.

आई एका दुकानात शिरल्या. गल्ल्यावर त्यांच्याच वयाची बाई होती, केस बारीक कापलेले, अंगात फुलाफुलांचा स्वेटर. आईंनी न विचारता टोपलीतले दोन सोडे उचलले, नाकाशी नेले, बोटांनी मोडून बघितले आणि त्या बाईला सरळ मालवणीत सांगितलं, ‘‘ह्यांका आजून दोन दिस ऊन होया होता.’’ वर बोट करून सूर्य दाखवला, दोन बोटं दाखवली. ती बाई क्षणभर बघत राहिली, मग खो खो हसली, आणि तिनेही आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक ऐकवलं. बहुधा, तुम्हाला अक्कल शिकवायला कुणी सांगितलं, असंच असणार. मग तिने आतून दुसरी टोपली आणली. आईंनी त्यातले मोडून बघितले आणि पसंतीची मान हलवली. दोघी आपापल्या भाषेत भांडत होत्या आणि दोघींना सगळं समजत होतं.

मी दाराबाहेर उभी राहून बघत होते. दुकानाच्या वर तीस-पस्तीस मजली इमारत. माणसं राहती. बाजूलाच त्यांचं प्रवेशद्वार. दारासमोर फुटपाथवर सुपांत मासे वाळत घातलेले, आणि ऑफिसातून परतणारी माणसं सुपांना वळसा घालून लिफ्टकडे जात होती. टाय लावलेला एक जण गेला, शाळेचं दप्तर घेतलेली मुलगी गेली. कुणाच्या नाकाला रुमाल नाही. कुणी थांबून सुपाकडे बघितलंसुद्धा नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘बघ.’’

‘‘काय बघू? बोट सुटेल.’’

‘‘सुटू दे. वर बघ. माणसं राहतात ना? टॉवर आहे ना? आपल्यापेक्षा दुप्पट उंच आहे ना?’’

‘‘इथली गोष्ट वेगळी.’’

‘‘काय वेगळी? इथल्या लोकांना नाकं नाहीत?’’

रस्त्यात माझा आवाज चढला होता. मुलगी म्हणाली, ‘‘मम्मी, यार, इथे नको ना.’’ मी म्हटलं, ‘‘इथेच. घरी खिडक्या लावून बोलावं लागतं.’’

मग तो बोलला. त्याचाही आवाज चढला, आणि त्याचा आवाज सहसा चढत नाही. ‘‘तुला काय गं, तू भांडून मोकळी होतेस. घर शोधायला कोण फिरत होतं? मी! बिल्डिंग पाडली तेव्हा मुलुंडात सात-आठ घरं बघितली मी. प्रत्येक ठिकाणी एजंटचा पहिला प्रश्न, मच्छी खाता का? खरं सांगितलं की घर गेलं. शेवटी मी सांगितलं, आम्ही खात नाही. माझ्या तोंडाने सांगितलं! आईला घरात घेऊन यायचं होतं, पाऊस तोंडावर होता, काय करणार होतो? तेव्हापासून कुणी विचारलं की माझी मान आपोआप हलते.’’

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं त्या भाड्याच्या घरात आम्ही मासे आणले, शिजवले, खाल्ले, आणि त्या प्रत्येक जेवणाला हा माणूस दाराकडे कान लावून बसलेला होता, ते मला आत्ता समजलं. गिरणीत राबलेल्या बापाचा मुलगा. बाप पगाराच्या दिवशी हातात पापलेट मिरवत चाळीत शिरायचा, असं हाच मला कितीदा सांगायचा. आणि हा एका एजंटपुढे म्हणाला, आम्ही खात नाही. मला त्याचा राग आला, त्याची दया आली, आणि त्याहून जास्त त्या एजंटांचा आणि घरमालकांचा आणि आमच्या परडीवाल्या बाईचा राग आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि आपलं तोंड आपल्याच हाताने दाबायचं.

‘‘तेव्हा भाड्याचं घर होतं,’’ मी म्हटलं. ‘‘आता आपलं आहे.’’



तेवढ्यात आई दुकानाबाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून वर बघायला लागल्या. ‘‘ता काय गो?’’

समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या काठीला एक जाळी टांगली होती. हिरवी, तीन कप्प्यांची, आकाशकंदिलाएवढी. प्रत्येक कप्प्यात मधोमध चिरलेले मासे पसरलेले, आणि बाजूने चेन लावून बंद. वारा आत जाईल, ऊन आत जाईल, माशी आणि पक्षी बाहेर. दुकानवाल्या बाईने आमची नजर बघितली आणि हाताने मागची गल्ली दाखवली.

मागच्या गल्लीत बादल्या, झाडू, सुपं विकणारं दुकान होतं, आपल्या मुलुंडच्या बाजारात असतं तसंच. तिथे त्या जाळ्या घडी घालून टांगलेल्या होत्या. आईंनी एक उघडायला लावली. चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. हात आत घालून बघितला. तोंडावर असं हसू आलं की तसं मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

‘‘कावळो मेलो आता काय करतलो?’’ त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. ‘‘ही माका होयी.’’

चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं होतं. नवऱ्याने असं झटकन पाकीट काढलं की मला गलबलून आलं. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि सगळ्यावर पाणी पडलं. ‘‘गावाक उपयोगी पडात,’’ आई म्हणाल्या.

गावाला. म्हणजे मनातून त्या कधीच निघालेल्या होत्या. मी दुकानदाराच्या हातातून जाळी घेतली आणि काखेत मारली. ‘‘ही गावाला जाणार नाही. गावाला अंगण आहे, मांडव आहे, तिकडे कशाला हवी? ही मुलुंडला लागणार आहे.’’ आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जाळी सोडली नाही. त्यांनीही ओढली नाही.

बोट सुटली ती सुटलीच. सगळ्यांना भुका लागल्या होत्या. त्याच गल्लीत चार टेबलांचं हॉटेल होतं. मुलीने भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून मागवलं. मातीच्या भांड्यात शिजवलेला भात आला, वर खारवलेल्या माशाचा तुकडा आणि आल्याच्या बारीक काड्या. झाकण काढलं आणि वाफ वर आली. आईंनी पिशवीतून कोकमाची डबी काढली, प्रत्येकाच्या भातावर एकेक आमसूल ठेवलं, वाढपी बघत असतानाच. पहिला घास घेऊन मला म्हणाल्या, ‘‘हेच्यात खोबरा होया होता.’’ मी म्हटलं, ‘‘मुळीच नको.’’ आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही नीट भांडलो.

नवरा खात होता. भांड्याच्या तळाला लागलेला करपट भात त्याने चमच्याने खरवडून खाल्ला. मग हात पुसत, कुणाकडे न बघता म्हणाला, ‘‘ताप इलो काय आये माका पेजेबरोबर असोच सुको मासो भाजून दी.’’ आईंनी आपल्या भांड्यातला तुकडा उचलून त्याच्या भांड्यात टाकला. पन्नाशीचा घोडा, पण खाल्ला त्याने.

मासळी आम्ही तिथून आणली नाही. तशी आणता येत नाही, असं मुलीने फोनवर बघून सांगितलं, आणि आई म्हणाल्या, आपल्याकडे काय कमी आहे? जाळी तेवढी आणली. ती कुठल्याच बॅगेत नीट मावेना, तेव्हा नवऱ्याने ती विमानात हातात धरून आणली.

आल्यावर सगळ्या मजल्यांवर चॉकलेटं वाटली. सेक्रेटरींच्या बायकोला तिचा डबा परत दिला, त्यातही चॉकलेटं घालून. ‘‘वासाचं काय झालं?’’ तिने विचारलं. ‘‘मजा आली,’’ मी म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी माहेरी गेले. माझ्या भावजयीकडून ताजे बोंबील घेतले, पांढरेशुभ्र, आरपार दिसतील असे. घरी येऊन साफ केले, मीठ लावलं, आणि जाळी बाल्कनीत आणली. गच्चीत नाही. आमच्या बाल्कनीत, आमच्या हुकाला. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘‘गो, झिलान कबूल केल्यान हा.’’

‘‘त्याने केलंय. मी नाही केलेलं.’’

त्यांनी जाळीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘असे नाय पसरूचे, शेपट्यो चिकटतत,’’ आणि मला बाजूला सारून स्वतः लावायला लागल्या. तीन कप्पे भरले. चेन लावली. पाचच मिनिटांत कठड्यावर कावळा येऊन बसला. त्याने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, चोच मारून बघितली. आई स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होत्या. हातात काठी नव्हती.

दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरी आणि चेअरमन. चेअरमन वयाने मोठे, आम्ही त्यांना काका म्हणतो. आई आतूनच म्हणाल्या, ‘‘बसा, चाय ठेवतंय.’’ ते बसले नाहीत.

‘‘वहिनी, मीटिंगमध्ये ठरलं होतं,’’ सेक्रेटरी म्हणाले.

‘‘गच्चीचं ठरलं होतं. गच्चीवर एक शेपूट दाखवा, मी दंड भरते.’’

‘‘स्पिरिट समजून घ्या ना. प्रश्न कावळ्याचा होता.’’

‘‘कावळ्याचाच होता ना? या, बघा. कावळ्याचा बंदोबस्त परदेशातून आणलाय.’’

‘‘आणि वास?’’

‘‘वास येतो,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्या घरच्या हिंगाच्या फोडणीचा आम्हाला येतो, वरच्यांच्या धुपाचा येतो. माणसं राहतात तिथे वास येणारच. आमच्या वासाने तेवढा खिडकी लावून राहायचं, हे कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं?’’

चेअरमनकाकांनी माझ्याशी बोलणं सोडून दिलं. नवरा मागे येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे वळले. अगदी मायेने, खांद्यावर हात ठेवल्यासारख्या आवाजात म्हणाले, ‘‘तुम्ही समजूतदार आहात. तुम्हीच सांगा घरात.’’

मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती आता हलणार, मला वाटलं. आईही चहाची किटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाल्कनीकडे. घसा खाकरला.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘आम्ही मासे खातो.’’

एवढंच. पुढे काहीतरी असेल म्हणून ते दोघं वाट बघत राहिले. पुढे काही नव्हतं.

ते गेले. प्रकरण मिटलेलं नाही. ग्रुपवर अधूनमधून संदेश येतात, बाल्कनीच्या नियमांबद्दल, इमारतीच्या दर्शनी भागाबद्दल. परडीवाली बाई लिफ्टमध्ये भेटली की आम्ही दोघी हसतो आणि दोघी छताकडे बघत नाही. मासे तळताना मी खिडक्या लावत नाही, उलट सताड उघडते. मिटवायचं असेल त्यांनी येऊन मिटवावं, आमचा चहा तयार आहे.

त्या रविवारी रात्री जेवायला आईंनी उरलेल्या ताज्या बोंबलांचं कालवण केलं होतं, खोबरं घालून, माझ्या नाकावर टिच्चून. नवरा हात धुऊन उठत होता तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, ‘‘झिला, शिमग्याचा तिकीट काढलंस काय?’’

त्याने नाही म्हणून मान हलवली. मी पाण्याचा तांब्या हातात धरून थांबले.

‘‘मगे काढ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘येवचा-जावचा, दोनय काढ. बोंबील सुकतले, बघूक कोण ह्या घरात?’’